काळी चारच्या खाली अडकलेला आवाज: कोथरूडच्या एका फ्लॅटमधली डिमरची केस

फोन आला तो असा, "अरे, माझ्या मिक्सरमधून भुणभुण येतीये, दोघं जण बघून गेले, एक म्हणाला काही नाहीये, दुसरा म्हणाला मिक्सर बदला, तू एकदा येऊन ऐकशील का?" काकू घरी गाणं शिकवतात, तीसेक वर्षं झाली. माझा धंदा ऑडिओ रिपेअरिंगचा, त्यामुळे असे फोन येतातच, पण ही केस सविस्तर लिहावीशी वाटली कारण यात मिक्सरची काडीचीही चूक नव्हती आणि तरी तो भंगारात जायच्या बेतात होता, वर कोणीतरी त्याच्या प्लगशी जे केलं होतं ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

आधी घरात काय काय होतं ते सांगतो. हॉलच्या एका कोपऱ्यात छोटा मिक्सर, त्याला एक साधा डायनॅमिक माईक, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आणि मिक्सरमधून एक केबल लॅपटॉपला, कारण शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला न्यू जर्सीतल्या चार मुली ऑनलाइन शिकतात (तिकडे थंडीत आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात). व्हिडिओ कॉलचं ॲप तानपुऱ्याला सतत चालणारा गोंगाट समजून कापून टाकायचं, म्हणून एका विद्यार्थिनीने सेटिंगमधे जाऊन आवाज साफ करणारी सोय बंद करायला सांगितली. तानपुरा ऐकू यायला लागला आणि त्याच्यासोबत भुणभुणही. म्हणजे ती आधीपासून होतीच, ॲप ती गिळत होतं. दिवाळीत हॉलचं काम झालं होतं, पीओपीचं सीलिंग, त्यात आठ एलईडी, आणि बोर्डवर गोल नॉबचा डिमर, काकूंना रियाजाला मंद उजेड लागतो म्हणून मुलाने हौसेने लावून दिलेला.

आता आधीच्या दोघांचं बघा. पहिला दुपारी बारा वाजता आला, नुसता मिक्सर लावला, आवाज स्वच्छ, म्हणाला काही नाहीये. दुसरा संध्याकाळी आला, लॅपटॉपही जोडून बघितला, त्याला घूंऽऽ ऐकू आलं, त्याने मिक्सरच्या थ्रीपिन प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थची, कापून टाकली, घूं कमी झालं, पैसे घेऊन गेला, जाताना म्हणाला मिक्सर जुना झालाय, नवीन घ्या. यातला बाराचा मुहूर्त माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा पुरावा होता. दुपारी दिवे कोण लावतं?

म्हणून मी शनिवारी सकाळी सहालाच गेलो. जानेवारी, पुण्यात उजाडायला सात वाजतात, हॉलमधे ते आठ दिवे अर्ध्यावर मंद केलेले, काकू तानपुरा लावून बसलेल्या. मी हेडफोन लावले तर एक बारीक, कडक, झर्रर असा आवाज, मच्छर डब्यात कोंडल्यासारखा, आणि त्याच्या खाली एक गोल, जाड घूंऽऽ. दोन वेगळे आवाज. काकूंना म्हटलं तुम्हाला काय ऐकू येतं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पांढरी पाचच्या जरा वर आहे बघ, पण काळी चारला पोचत नाही. माझा सा काळी चार. मुलींचा सा तिकडे ओढला जातो." मी लगेच फोनवर हिशोब केला. पेटीवरची खर्जातली पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ, काळी चार साधारण १०४, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा, त्यामुळे विजेच्या भुणभुणीत ५० आणि १०० च्या घरातले स्वर असतात. १०० नेमका त्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. मीटर लावायच्या आधी काकूंच्या कानाने सांगून टाकलं होतं की हा आवाज भिंतीतल्या विजेचा आहे, मिक्सरच्या आतल्या कुठल्या पार्टचा नाही.

मग मी उठून डिमरचा नॉब फिरवला. पूर्ण उजेडावर झर्रर जवळजवळ गायब. हळूहळू कमी करत आणलं तसा वाढत गेला, मधोमध आल्यावर सगळ्यात जास्त, अगदी मंद केल्यावर परत बारीक झाला. घूं मात्र जागचा हलला नाही. नॉबबरोबर जो आवाज बदलतो तो डिमरचा, जो बदलत नाही तो दुसऱ्या कुणाचा, हे तिथेच वेगळं झालं.

मधोमधच जास्त का, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या घरातल्या गोल नॉबच्या डिमरमधे ट्रायॅक नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो व्होल्टेज "कमी" करत नाही, तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा अडवून धरतो आणि मग एकदम दार उघडतो. अर्धी लाट १० मिलिसेकंदाची. पूर्ण उजेडावर दार लाटेच्या सुरुवातीलाच उघडतं, तेव्हा व्होल्टेज शून्याच्या जवळ असतं, धक्का बसत नाही. मधोमध ठेवलं की दार उघडतं ते लाटेच्या शिखरावर, आणि २३० व्होल्टच्या लाईनचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. म्हणजे शून्यावरून ३२५ वर उडी, तीही काही मायक्रोसेकंदांत, सेकंदाला १०० वेळा. त्या प्रत्येक उडीत नुसता ५० हर्ट्झ नसतो, त्याच्या पटीतले शेकडो स्वर असतात, पार रेडिओच्या मीडियम वेव्हपर्यंत जाणारे. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमधे कंगव्यासारखं दिसतं, दाताला दात, दोन दातांमधलं अंतर १००. साध्या घूंच्या चित्रात ५० ची एक मोठी रेघ आणि बाजूला दोनचार किरकोळ, बस.

त्यात इथे अजून एक गोष्ट होती. हा डिमर ४०० वॉटच्या पिवळ्या बल्बसाठी बनवलेला, त्यावर टांगलेत ७ वॉटचे आठ एलईडी, म्हणजे सगळे मिळून ५६ वॉट. पिवळा बल्ब म्हणजे एक तापलेली तार, व्होल्टेज जसं येईल तसा करंट खेचते. एलईडीच्या आत मात्र एक कपॅसिटर असतो, आणि शिखरावर दार उघडलं की तो भुकेल्यासारखा एका क्षणात करंट ओढून घेतो. एकूण वॉट कमी पण प्रत्येक झटका टोकदार. दिव्यांच्या खोक्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं की हे डिमरवर चालवू नयेत, खोकी माळ्यावर होती, कोणी वाचलं नव्हतं, आणि खरं सांगतो कोण वाचतं.

जोएल स्पायरा यांनी १९५९ मधे न्यूयॉर्कमधे घरगुती बोर्डात मावेल एवढा इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला तेव्हा समोर पिवळा बल्ब होता, आणि त्या बल्बसाठी लाट कापायची ही युक्ती खरंच सुंदर आहे, उष्णता वाया जात नाही, नॉब छोटा होतो. घरोघरचा दिवा बदलला, कापायची पद्धत मात्र बऱ्याच बोर्डांत तीच राहिली. नाटकवाल्यांना हे सगळं जुनंच आहे. कॉलेजात एकांकिकांना मी साऊंड सांभाळायचो, स्पॉट हळूहळू फेड व्हायला लागला की स्पीकरमधून झर्रर यायचं, आणि लाईटवाला दादा पहिल्या दिवशीच सांगायचा की साऊंडची लाईन डिमरच्या फेजवर घेऊ नको. तेव्हा नुसतं पाळलं, कळलं खूप नंतर.

परत हॉलमधे येतो. झर्ररसुद्धा एक नव्हता, दोन होते. मिक्सर पूर्ण बंद केला, हेडफोन काढले, सगळे गप्प बसलो, तर सीलिंगमधून अगदी बारीक तोच आवाज येत होता. ते दिवे स्वतः वाजत होते. ड्रायव्हरमधली (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधली) छोटी कॉइल आणि सिरॅमिक कपॅसिटर करंटच्या झटक्यांनी खरोखर थरथरतात, आणि पीओपीची पोकळी तबल्याच्या पुडीसारखी तो आवाज वाढवते. हा हवेतून माईकमधे जात होता. दुसरा केबलमधून. तो तपासायला माईक काढून घेतला, नुसती केबल मिक्सरला लावलेली ठेवली आणि तिच्या माईककडच्या टोकाच्या दोन्ही सिग्नल पिना एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे आता ऐकायला काहीच नाही, तरी झर्रर चालूच. मग केबल बघितली. माईककडच्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर, मिक्सरकडच्या टोकाला साधा मोनो जॅक, दुकानात तीच मिळाली म्हणून. सहा मीटर लांब, निम्मी गुंडाळी करून बरोब्बर डिमरच्या बोर्डाखाली टाकलेली. तीन पिनांच्या केबलमधे दोन वायरी सारखाच कचरा गोळा करतात आणि मिक्सर एकातून एक वजा करतो, कचरा जातो, गाणं राहतं. मोनो जॅकमधे त्यातली एक वायर जाळीला (वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणाला) बांधून टाकलेली असते, वजाबाकीच होत नाही. मिक्सरवर एक्सएलआरचं भोक रिकामं होतं, इतके दिवस.

कचरा भिंतीतून कुठून कुठे जातो ते बघायला मी खिशातला छोटा मीडियम वेव्ह रेडिओ वापरतो, बॅटरीवरचा. महागडं यंत्र नको. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झ लावलं, डिमर मधोमध, निवेदिकेचा आवाज खरखरीत बुडून गेला. रेडिओ भिंतीजवळ धरून चालत गेलो, बोर्डापासून वर, मग सीलिंगच्या कडेने, जिथे पाईप तिथे खरखर जोरात. रेडिओच्या आत फेराइटची दांडी असते, तो आडवा-उभा फिरवला की एका दिशेला आवाज पडतो, त्यावरून वायर कुठल्या बाजूने गेलीये त्याचा अंदाज येतो. एफएमवर मात्र काहीच नाही, कारण एफएम लाटेच्या उंचीकडे बघतच नाही आणि इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला डिमरचा दमही संपलेला असतो. हे चाललं असताना काका आतून बाहेर आले आणि म्हणाले, "म्हणजे पुणे केंद्राचं ट्रान्समिशन बिघडलं नाहीये तर." दिवाळीपासून त्यांनी सकाळचा रेडिओच बंद केला होता.

आता ती कापलेली पिन. यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे. जाड घूंऽऽ चं कारण असं की मिक्सर एका बोर्डावर, लॅपटॉपचा थ्रीपिन चार्जर समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डावर, दोघांचे अर्थ वेगवेगळ्या वाटेने डीबीला (घराच्या मेन स्विचच्या पेटीला) जातात आणि मधे ऑडिओ केबलची जाळी दोघांना परत जोडते, त्यामुळे एक मोठं रिंगण तयार होतं आणि त्यात ५० हर्ट्झ फिरत राहतो. अर्थ कापला की रिंगण तुटतं, आवाज उतरतो, म्हणून ही युक्ती चालते असं वाटतं. पण काकू म्हणाल्या की संध्याकाळच्या क्लासला माईक ओठांना लागला की मुंग्या येतात, सकाळी येत नाहीत. मीटर लावला. लॅपटॉपची केबल लावलेली असताना मिक्सरच्या बॉडीवर काही नाही, कारण तो त्या केबलच्या जाळीतून, लॅपटॉपच्या चार्जरमधून उसना अर्थ घेत होता. संध्याकाळी मुलं समोर बसतात, लॅपटॉप नसतो, केबल काढलेली, तेव्हा बॉडी ते अर्थ ९४ व्होल्ट. सप्लायच्या फिल्टरमधे फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर बॉडीला बांधलेले असतात, अर्थ नसला की बॉडी त्या दोघांच्या मधे लोंबकळते. त्यातून येणारा करंट फार थोडा, मुंग्यांपुरता. पण उद्या सप्लायमधे एक वायर सुटून बॉडीला टेकली असती तर तो माईक हातात धरून आठ वर्षांचं पोर गात असतं. आवाज घालवायला अर्थ कापू नका, कुणालाही कापू देऊ नका, मिक्सर कायमचा भुणभुणला तरी चालेल.

पहिलं काम तेच केलं, नवीन थ्रीपिन लावून अर्थ परत जोडला आणि बोर्डातला अर्थ खरंच पोचतोय का ते तपासलं. घूं अर्थातच परत वाढला. मग लॅपटॉप आणि मिक्सर दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणलं, रिंगण आखडलं, निम्मा आवाज गेला, आणि उरलेल्यासाठी दोघांच्या मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी टाकली, जिच्यातून सिग्नल चुंबकातून जातो पण तारेला तार लागत नाही. घूं संपला, अर्थ शाबूत.

दुसरं, माईकची केबल, दोन्हीकडे एक्सएलआर, तीन मीटरच, बोर्डापासून लांबून, आणि जिथे विजेची वायर ओलांडावी लागते तिथे काटकोनात. तानपुऱ्याची केबल अर्ध्या मीटरची केली, तो मिक्सरच्या शेजारीच ठेवला. एवढ्याने केबलमधला झर्रर इतका उतरला की तानपुरा चालू असताना शोधावा लागत होता. इथे माझाही एक गुरुवार वाया गेला ते सांगायला हवं, कारण बाकीच्यांचा वाचेल. आधी मी बुधवार पेठेतून क्लिपचे फेराइट (केबलवर चिमटायचे काळे चुंबकीय मणी) आणि एक स्पाईक गार्ड आणला होता. काहीही फरक नाही. ते फेराइट मेगाहर्ट्झच्या कचऱ्यासाठी असतात, कानाला ऐकू येणाऱ्या भुणभुणीला त्यांचा अडथळाच होत नाही, आणि साध्या स्पाईक गार्डमधला पार्ट व्होल्टेज प्रचंड उसळलं तरच जागा होतो, रोजच्या झर्ररकडे तो बघत नाही.

राहिले दिवे आणि डिमर. डिमरवर चालणारे चार एलईडी एका मित्राकडून एका दिवसासाठी आणून लावले, बाकीचे चार काढले. सीलिंग गप्प झालं, पण रेडिओवरची खरखर होतीच. म्हणजे दिव्यांचं गाणं दिव्यांमुळे, पण वायरीतला कचरा डिमरमुळेच. रस्ते दोन होते, एक म्हणजे ट्रेलिंग एज डिमर, जो लाटेच्या सुरुवातीला गुपचूप चालू होतो आणि नंतर मधे हळूच बंद होतो, एलईडीशी त्याचं बरं जमतं, पण दिवे सगळे बदलावे लागले असते. दुसरा काकूंनीच सुचवला, "मला अंधार-उजेडाच्या मधलं काहीतरी हवंय, नॉब कशाला हवा?" डिमर बोर्डात दोन मॉड्यूलची जागा अडवून बसला होता, तेवढ्यातच दोन साधे स्विच बसतात. वायरमन दादांना बोलवलं, त्यांनी मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून डिमर काढला, पाईपमधून स्प्रिंग टाकून एक जादा वायर ओढली, कोपऱ्यातले दोन दिवे एका स्विचवर, उरलेले सहा दुसऱ्यावर. रियाजाला दोन, पाहुण्यांना आठ. डीबीत आरसीसीबी (करंट अर्थकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नव्हता, तोही त्याच दिवशी बसवून घेतला, ३० मिलिॲम्पचा.

फेब्रुवारी शांत गेला. मार्चमधे काकूंचा परत फोन, "आलाय रे तो." मी विचारलं कधी येतो, तर म्हणाल्या उन्हाळा सुरू झाल्यापासून. पंखा! मला जानेवारीतच सुचायला हवं होतं, थंडीत पंखा बंद होता म्हणून त्याचा रेग्युलेटर तपासलाच नाही. गोल नॉबचा रेग्युलेटर म्हणजे आत तोच ट्रायॅक, तीच लाट कापणं, फक्त बल्बऐवजी मोटर. दोन नंबरच्या आसपास ठेवला की पंखा स्वतःच घुंई घुंई करायचा, कारण कापलेल्या लाटेच्या झटक्यांनी मोटरच्या पत्र्याच्या चकत्या थरथरतात, आणि वायरीतून परत झर्रर. त्याजागी स्टेपवाला रेग्युलेटर लावला, कटकट आवाज करत एक-दोन-तीन-चार फिरतो तो. त्याच्या आत कपॅसिटर असतात, ते लाट कापत नाहीत, नुसतं थोडं व्होल्टेज स्वतःकडे ठेवून पंख्याला कमी देतात, लाट गोल ती गोलच. पंखा त्या क्षणी गप्प. (हा रेग्युलेटर दिव्यांना लावू नका, आणि दिव्याचा डिमर पंख्याला तर मुळीच नाही. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा, बहुधा रिमोटवाला) असेल तर भिंतीवरचा कुठलाच रेग्युलेटर नको, त्याचं स्पीडचं सर्किट त्याच्या आतच असतं.)

आता हेडफोनमधे तानपुरा आणि त्याच्यामागे जवळजवळ काहीच नाही. मिक्सर तोच आहे. न्यू जर्सीच्या मुलींपैकी एकीने पहिल्याच क्लासला विचारलं म्हणे की काकू, नवीन तानपुरा घेतला का.

काकांचा रेडिओ परत सुरू झालाय, पण रात्री साडेआठनंतर ७९२ वर अजून थोडी खरखर येते. मागच्या आठवड्यात मी तिथे असताना आम्ही घराचा मेन स्विचच पाडला, अख्खं घर काळोखात, काका बॅटरीचा रेडिओ कानाशी धरून उभे, आणि खरखर तशीच. म्हणजे ती आमच्या घरातली नाहीच. काका रेडिओ घेऊन पॅसेजमधे गेले, एकेका दारापाशी थांबत गेले, शेवटी डावीकडच्या दारापाशी येऊन मान हलवली. त्यांच्याकडेही दिवाळीतच काम झालंय, त्याच माणसाने केलेलं. काकूंनी बोलून ठेवलंय, रविवारी सकाळी चहाला बोलावलंय आम्हाला, काका म्हणाले रेडिओ मी घेतो, तू दोन स्विच घेऊन ये.